आलेख जूनमध्येच शिकवा, दोघांनी मिळून

बालभारतीचं २०१७ चं नववीचं विज्ञानाचं पुस्तक उघडा. पहिलाच पाठ 'गतीचे नियम'. त्यात अंतर-काल आलेख, वेग-काल आलेख आणि आलेखावरून काढलेली गतीची समीकरणं. आता गणित भाग दुसरा बघा. निर्देशक भूमिती सातव्या प्रकरणात! म्हणजे विज्ञानाचे सर जूनमध्ये जे अक्ष फळ्यावर काढतात, ते गणिताच्या तासाला बऱ्याच उशिरा येणार. मग मुलं समीकरणं पाठ करतात.

आम्ही वाईचे, म्हणून इथलंच उदाहरण देते. पाचगणीला जाणाऱ्या एसटीचा अंतर-काल आलेख अंदाजाने काढायला सांगा. पसरणी घाट लागला की बरीच मुलं रेघ उभी चढवतात. गाडी डोंगर चढते ना! खरं तर घाटात गाडीची चाल कमी होते, तेवढ्याच वेळात अंतर कमी कापलं जातं, म्हणून रेघ आडवी होत जाते. आता हे मूल गणितात कच्चं की विज्ञानात? आपण शिक्षक एकमेकांकडे बोट दाखवतो. मीही दाखवलंय.

यंदा मी आणि विज्ञानाच्या सरांनी एकत्र तास घेतला. एकसमान त्वरणाने ६ सेकंदांत वेग ४ वरून १० मीटर प्रति सेकंद झाला. आलेखाखाली समलंब चौकोन तयार झाला. त्याचं क्षेत्रफळ मुलं आठवीत शिकलीत: समांतर बाजूंची बेरीज १४, गुणिले ६, त्याचं निम्मं ४२. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "बाई, क्षेत्रफळ आहे तर चौरस मीटर का नाही?" सर हसले आणि खडू तिच्याच हातात दिला. एक बाजू मीटर प्रति सेकंद, दुसरी सेकंद. गुणल्यावर सेकंद गेले, मीटर उरले. ४२ मीटर, म्हणजे कापलेलं अंतर. माझ्या एकटीच्या तासाला हा प्रश्न आला नसता. आमच्याकडे एकक उत्तराच्या शेवटी चिकटवतात, झालं.

दोन्ही विषय एकच करा, असं मी म्हणत नाही. भूमितीच्या सिद्धतांना त्यांचा वेगळा वेळ हवाच. फक्त निर्देशकांचे दोन-तीन तास जूनमध्ये ओढा आणि त्यातल्या एका तासाला दोघेही वर्गात उभे राहा. पोर्शन मागे पडत नाही. ते तास तसेही पुढे घ्यायचेच असतात.

पालकांनो, दोन विषयांना दोन क्लास लावण्याआधी एक करून बघा. पुढच्या वेळी पाचगणीला जाताना मुलाला खिडकीशी बसवा, हातात घड्याळ आणि वही द्या. प्रत्येक किलोमीटरच्या दगडाला वेळ लिहू दे. घरी आल्यावर आलेख त्यालाच काढू दे.