गव्हर्नरची निवडणूक आणि नकाशाचा भ्रम

अमेरिकेतील एखाद्या राज्यात गव्हर्नरपदाची निवडणूक जवळ आली, की तेथील वृत्तपत्रांतून राज्याचे रंगीत नकाशे झळकू लागतात. रिपब्लिकन पक्षाच्या वर्चस्वाखालील काउंट्या तांबड्या, डेमोक्रॅटिक पक्षाच्या निळ्या. आणि मग या रंगांकडे बोट दाखवून अमुक प्रदेश अमुक पक्षाचा, सबब निकाल अमुक, असे भाकीत वर्तविले जाते. विदर्भ कोणाचा आणि मराठवाडा कोणाकडे, ही चर्चा आपल्याकडेही प्रत्येक निवडणुकीपूर्वी रंगते. प्रदेशाला स्वतःचे असे राजकीय वळण असते, हे नाकारण्याचे कारण नाही. इतिहास, उद्योगधंदे, धर्मश्रद्धा आणि जुनी वैरे यांतून ते घडलेले असते. परंतु या वळणावरून निकालाचे अनुमान काढण्यापूर्वी एक साधा प्रश्न विचारावा लागतो आणि नेमका तोच विसरला जातो. तो प्रश्न असा, की मते मोजली जातात कशी?

अमेरिकेतील गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. आपल्याकडे राज्यपालांची नेमणूक राष्ट्रपती करतात. तेथील गव्हर्नर हा राज्याचा प्रत्यक्ष कारभारी असून मतदार त्याला थेट निवडतात. त्याच्या अधिकारांची तुलना करावयाची, तर ती आपल्या मुख्यमंत्र्याशी करावी लागेल. मात्र मुख्यमंत्री ठरतो तो विधानसभेतील जागांच्या बेरजेने. महाराष्ट्रातील २८८ जागांपैकी ६२ विदर्भात आणि ४६ मराठवाड्यात आहेत, म्हणून या प्रदेशांचा हिशेब जागांमध्ये होतो. एखाद्या मतदारसंघात पराभव शंभर मतांनी झाला काय किंवा पन्नास हजारांनी झाला काय, जागा गेली ती गेलीच. गव्हर्नरच्या निवडणुकीत मात्र संपूर्ण राज्य हाच एक मतदारसंघ असतो. हरलेल्या काउंटीतील मतेही बेरजेत तितक्याच मोलाने जमा होतात. त्यामुळे प्रदेश कोणी जिंकला, यापेक्षा किती फरकाने जिंकला आणि तेथील किती लोक मतदानाला आले, हे दोन प्रश्न निर्णायक ठरतात.

मोजणीची रीत बदलली की प्रदेशांचे बळ कसे बदलते, याचे उदाहरण जॉर्जिया राज्याने घालून दिले आहे. तेथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्राथमिक निवडणूक जिंकणे म्हणजेच गव्हर्नर होणे, अशी परिस्थिती अनेक दशके होती. आणि त्या प्राथमिक निवडणुकीत मतांऐवजी काउंट्यांना नेमून दिलेली एकके मोजली जात. सर्वांत मोठ्या आठ काउंट्यांना प्रत्येकी सहा, त्यांच्या खालोखालच्या तीस काउंट्यांना प्रत्येकी चार आणि उरलेल्या १२१ काउंट्यांना प्रत्येकी दोन एकके होती. १९६० च्या जनगणनेनुसार अटलांटा शहर ज्या फुल्टन काउंटीत येते, तिची लोकसंख्या साडेपाच लाखांवर होती, तर एकोल्स काउंटीची दोन हजारांहूनही कमी. तरी पहिलीला सहा आणि दुसरीला दोन! १९४६ मध्ये यूजीन टॅलमेज यांना प्रतिस्पर्ध्यापेक्षा कमी मते मिळाली, परंतु एककांच्या जोरावर उमेदवारी त्यांनीच पटकावली. १९६३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरविली. नकाशाकडे पाहून केलेले भाकीत त्या पद्धतीत बरोबर ठरण्याचा संभव होता. ती पद्धत गेली. नकाशा पाहण्याची सवय मात्र गेली नाही.

ही सवय किती फसवी आहे, हे केंटकी राज्याच्या अलीकडच्या निवडणुका पाहिल्या म्हणजे ध्यानात येते. या राज्याच्या १२० काउंट्या आहेत आणि त्यांची प्रादेशिक वळणे यादवी युद्धाच्या काळापर्यंत मागे नेता येतात. आग्नेयेकडील डोंगराळ काउंट्या संघराज्याच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन राहिल्या. पश्चिमेकडील सखल शेतीप्रदेशात दक्षिणेविषयी सहानुभूती होती. तो दीर्घकाळ डेमोक्रॅटिक पक्षामागे राहिला. पूर्वेकडील कोळसा खाणींच्या पट्ट्यात कामगार संघटनांनी डेमोक्रॅटिक पक्षाची मुळे रुजविली. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून मात्र ही जुनी घडी विसकटू लागली. खाणींतील रोजगार आटला, संघटना क्षीण झाल्या आणि धर्म व संस्कृतीविषयक प्रश्न पुढे आले. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या एलियट काउंटीने २०१२ पर्यंतच्या अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवारालाच कौल दिला होता. २०१६ मध्ये तिनेही डोनाल्ड ट्रम्प यांना मताधिक्य दिले. त्या वर्षी ट्रम्प यांनी केंटकी सुमारे तीस टक्क्यांच्या फरकाने जिंकले. २०२४ मध्येही फरक जवळजवळ तेवढाच होता. नकाशावर विश्वास ठेवणाऱ्याने अशा राज्यात डेमोक्रॅटिक गव्हर्नरची कल्पनाही करू नये.

प्रत्यक्षात घडले ते असे. २०१५ मध्ये मतदानपूर्व चाचण्यांत डेमोक्रॅटिक उमेदवार जॅक कॉनवे पुढे होते, तरी रिपब्लिकन पक्षाचे मॅट बेव्हिन सुमारे नऊ टक्क्यांच्या फरकाने निवडून आले. त्या वेळी सुमारे ३१ टक्के नोंदणीकृत मतदारांनीच मतदान केले होते. २०१९ मध्ये हे प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास गेले. बेव्हिन यांना २०१५ मध्ये ५ लाख ११ हजार मते होती; ती वाढून ७ लाख ४ हजार ७५४ झाली. म्हणजे आधीच्या विजयापेक्षा जवळजवळ दोन लाख मते अधिक मिळवूनही ते पराभूत झाले, कारण प्रतिस्पर्धी अँडी बेशिअर यांना ७ लाख ९ हजार ८९० मते पडली. फरक अवघा ५,१३६ मतांचा. सरासरीने पाहता काउंटीमागे ४३ मते! प्रत्येक काउंटीतील बावीस माणसांनी आपले मत बदलले असते, तर निकाल उलटला असता.

आता याच निकालाचा नकाशा पाहावा. बेशिअर यांनी १२० पैकी केवळ २३ काउंट्या जिंकल्या. उरलेल्या ९७ बेव्हिन यांच्या. रंगांच्या हिशेबाने हा बेव्हिन यांचा दणदणीत विजय वाटेल. लुइव्हिल शहराच्या जेफर्सन काउंटीने बेशिअर यांना लाखाच्या घरातील मताधिक्य दिले, हे खरे. लेक्सिंग्टन शहराचीही त्यात भर पडली. परंतु ‘शहरांनी निवडून दिले’ एवढेच म्हणून थांबणे चूक होईल. ओहायो नदीपलीकडील सिनसिनाटी महानगराची उपनगरे असलेल्या केंटन आणि कॅम्बेल या काउंट्यांनी या खेपेस आपले वळण सोडले. पूर्वेकडील खाणपट्ट्यातील काही काउंट्या बेशिअर यांनी जिंकल्या, तर काही थोडक्यात गमावल्या. पाच हजार मतांच्या विजयात या थोडक्यात गमावलेल्या काउंट्यांचे मोल जिंकलेल्या काउंट्यांइतकेच असते. नकाशात मात्र त्यांचा रंग तांबडाच दिसतो.

हा बदल कशामुळे घडला? कारणे अनेक असली, तरी त्यांतील एक आपल्याकडील शिक्षकांना आणि कर्मचाऱ्यांना सहज उमगेल असे आहे. २०१८ च्या मार्चमध्ये केंटकीच्या विधिमंडळाने सांडपाण्याविषयीच्या एका विधेयकातला मजकूर काढून त्या जागी निवृत्तिवेतनाची नवी योजना घातली आणि काही तासांत ते संमत करून टाकले. तेथील शिक्षक संघराज्याच्या सामाजिक सुरक्षा योजनेत मोडत नाहीत. निवृत्तिवेतन हाच त्यांच्या म्हातारपणाचा आधार. एप्रिलच्या आरंभी हजारो शिक्षक फ्रँकफर्ट या राजधानीत जमले. बेव्हिन यांनी त्यांच्याविषयी कठोर भाषा वापरली. ॲटर्नी जनरल या नात्याने बेशिअर न्यायालयात गेले आणि डिसेंबर २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, विधेयक रीतसर वाचनांविना संमत झाले या कारणास्तव, तो कायदा रद्द केला. लेफ्टनंट गव्हर्नरपदासाठी बेशिअर यांनी सोबत घेतलेल्या जॅकलिन कोलमन या शिक्षिकाच होत्या. जुन्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रात झालेला संप ज्यांनी पाहिला, त्यांना या प्रश्नाची धग वेगळी सांगावयास नको.

येथे अर्थशास्त्रातील वितरणाचा विचार उपयोगी पडतो. जागांच्या हिशेबात एका ठिकाणी एकवटलेल्या गटाला महत्त्व येते. सर्वत्र विखुरलेल्या गटाला बहुधा कोणी विचारीत नाही. सबंध राज्य हाच मतदारसंघ असला, की हा न्याय पालटतो. शिक्षक एका प्रदेशात राहत नाही. शाळा आहे तेथे तो आहे. डोंगरात आहे, शेतीप्रदेशात आहे, उपनगरांतही आहे. त्याच्या मागे त्याचे कुटुंब, त्याचे माजी विद्यार्थी, त्याचा शेजार. अशा गटाने एकही काउंटी जिंकून दिली नाही, तरी प्रत्येक काउंटीत बावीस माणसे हलविण्याची शक्ती त्याच्यात असते. प्रादेशिक नकाशावर हा गट दिसतच नाही, आणि म्हणूनच नकाशावरून केलेले भाकीत त्याला जमेस धरीत नाही.

२०२३ च्या निवडणुकीने हे अधिक स्पष्ट केले. मतदान ३८ टक्क्यांच्या आसपास उतरले. बेशिअर यांची मतेही घटून सुमारे ६ लाख ९४ हजार झाली. तथापि प्रतिस्पर्धी डॅनिएल कॅमेरॉन यांना सुमारे ६ लाख २७ हजारच मिळाल्याने विजयाचा फरक पाच टक्क्यांवर गेला. जिंकलेल्या काउंट्या २३ वरून २९ झाल्या. त्यांत पूर्वेकडील लेचर आणि पेरी यांचा समावेश होता. जुलै २०२२ च्या महापुराने हा भाग उद्‌ध्वस्त केला होता आणि गव्हर्नर तेथे वारंवार जात राहिले होते. अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना भरभरून मते देणारा मतदार आपल्या दाराशी आलेल्या कारभाऱ्याचा हिशेब निराळा ठेवतो, असा याचा अर्थ आहे.

याविरुद्ध एक आक्षेप घेता येईल आणि तो वजनदार आहे. बेशिअर यांचे यश हे एका व्यक्तीचे यश असून प्रदेशांची ओढ आहे तेथेच आहे, असे म्हणता येईल. २०१९ मध्ये आणि २०२३ मध्येही त्याच मतपत्रिकेवरील राज्यपातळीवरची इतर सर्व पदे रिपब्लिकन पक्षाने जिंकली. २०२२ मध्ये नोंदणीकृत मतदारांच्या संख्येतही त्या पक्षाने डेमोक्रॅटिक पक्षाला मागे टाकले. हे सारे खरे आहे. पण त्याच्या जोडीला दुसरीही वस्तुस्थिती ठेवली पाहिजे. १९६७ नंतर २०२३ पर्यंत केंटकीत रिपब्लिकन पक्षाचे दोनच उमेदवार गव्हर्नर म्हणून निवडून आले, २००३ मध्ये अर्नी फ्लेचर आणि २०१५ मध्ये बेव्हिन. आणि दोघेही दुसऱ्या खेपेस पराभूत झाले. दिल्लीचे मत आणि गल्लीचे मत यांत भेद करण्याची सवय या मतदाराला जुनीच आहे.

सलग दोन कारकीर्दींची मर्यादा असल्याने २०२७ मध्ये बेशिअर यांना पुन्हा उभे राहता येत नाही. त्या निवडणुकीचे अनुमान करू पाहणाऱ्याने अध्यक्षपदाचा नकाशा बाजूला ठेवून आधीच्या गव्हर्नर-निवडणुकांतील काउंटीवार फरक पुढे घ्यावा. प्रत्येक प्रदेशातील मतदानाचे प्रमाण वेगळे धरावे. कारण लुइव्हिलमधील उत्साह आणि डोंगरातील उदासीनता यांची सरासरी काढून काहीही हाती लागत नाही. आणि सर्व प्रदेशांत विखुरलेल्या गटांच्या मनात काय आहे, हे पाहावे. आजचा कल पाहता पारडे रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेले आहे, असेच म्हणावे लागेल. डेमोक्रॅटिक उमेदवाराने शहरांतील मताधिक्यावर विसंबून पूर्वेकडील डोंगर आणि उत्तरेकडील उपनगरे सोडून दिली, तर तो हरेल. तेथील पराभव त्याने लहान ठेवला, तर लढत अटीतटीची होईल.

भाकिते बरोबर येवोत वा चुकोत, त्यांच्यामागची दृष्टी अधिक महत्त्वाची आहे. ‘तो प्रदेश आपला नव्हे’ असे एकदा ठरले, की पक्ष तिकडे फिरकत नाही. पक्ष फिरकला नाही, की तेथील रस्ता, शाळा आणि दवाखाना यांचीही आठवण राहत नाही. मग मतदारही त्या पक्षाला विसरतो आणि आधीचे भाकीत खरे ठरल्याचा आनंद पंडितांना मिळतो. हे भाकीत नव्हे, ही उपेक्षेची तरतूद आहे. जेथे हरलेल्या गावातले मतही मोजले जाते, तेथे उमेदवाराला त्या गावी जावे लागते. लोकशाहीच्या दृष्टीने यापेक्षा हितावह अशी सक्ती दुसरी नाही.