दस्तुरीपासूनचे तीन किलोमीटर

आमच्या घरात सहलीचा बेत रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर ठरतो आणि बहुधा तिथेच मोडतो. २०२५च्या नोव्हेंबरात माथेरानचा बेत मात्र बराच पुढे गेला. मुलाने एक मोकळा शनिवार-रविवार हेरून ठेवला होता. सूनबाईंनी राहण्याच्या जागा पाहिल्या होत्या. नातीला छोट्या आगगाडीत बसायचे होते. माझे काय, मी निवृत्त माणूस, मला सगळेच वार रविवार. ठाण्याहून कर्जत लोकल धरायची, नेरळला उतरायचे, टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका गाठायचा, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत होते. तेवढ्यात सौ.ने विचारले, "आणि दस्तुरीपासून पुढे मी कशी येणार?"

कोणी काही बोलेना. तिचे गुडघे गेली चार वर्षे कुरकुरत आहेत. दस्तुरीला वाहने थांबतात आणि माथेरानची बाजारपेठ तिथून जवळजवळ तीन किलोमीटर आत. मुलगा म्हणाला, "घोडा करू." सौ. म्हणाली, "या वयात घोड्यावर? नको रे बाबा." सून म्हणाली, "हातरिक्षा असतात ना?" मुलगा म्हणाला, "त्या बंद करायला सांगितल्यात सुप्रीम कोर्टाने." मग ई-रिक्षा? मिळाली तर. आगगाडी? शनिवारी सकाळी तिकिटाची रांग पाहिली आहेस का?

त्या रात्री बेत तिथेच अडला. मी मात्र बराच वेळ जागा होतो. कारण सौ.ने विचारलेला प्रश्न तिच्या गुडघ्यांपुरता नव्हता. माथेरान नावाचे सगळे गावच त्या तीन किलोमीटरांत अडकलेले आहे.

ठाण्याचे त्या वेळचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५०मध्ये हा डोंगर चढून गेले, तिथपासून थंड हवेचे ठिकाण म्हणून माथेरानचा इतिहास सुरू होतो. पुढे साहेबांचे, पारशी आणि बोहरी धनिकांचे बंगले उठले. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या जिद्दीवर नेरळहून दोन फुटी रुळांची आगगाडी १९०७मध्ये वर पोहोचली. मोटारीला मात्र गावात मज्जाव राहिला. २००३मध्ये केंद्र सरकारने हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि जुन्या रिवाजाला कायद्याचा भक्कम आधार मिळाला. रुग्णवाहिकेसारखा अपवाद सोडला तर इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, जांभ्या दगडाची तांबडी माती आणि डोक्यावर गर्द झाडी. मुंबईपासून इतक्या जवळ एवढी शांतता दुसरीकडे मिळत नाही, आणि ती टिकली म्हणून मी या निर्णयाचे नेहमीच कौतुक करत आलो आहे.

पण बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला एक खोड असते. जमेची बाजू दिसली की तो नावेची बाजू शोधतो. माथेरानात इंजिन बंद झाले, ओझे काही बंद झाले नाही. गॅसचे सिलिंडर, भाजीच्या पाट्या, विटा, सिमेंट, पाहुण्यांच्या बॅगा आणि खुद्द पाहुणे, हे सगळे वर जायचे ते जायचेच. ते घोड्यांच्या पाठीवर गेले, हातगाड्यांवर गेले, पायथ्याच्या वाड्यांतून रोज चढून येणाऱ्या बायाबापड्यांच्या डोक्यावर गेले. आणि माणसे गेली हातरिक्षातून. एक जण पुढे ओढणारा, चढावर एक-दोघे मागून ढकलणारे. आपण ज्याला शांतता म्हणतो, तिचा खर्च या माणसांच्या खात्यावर पडत होता.

हे मला आज सुचलेले शहाणपण नाही. १९८८ साली मी कर्जत तालुक्यातल्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाची धामधूम होती. काही भाग अनुदान, बाकी कर्ज, असे करून गरिबाच्या हाती उत्पन्नाचे साधन द्यायचे. पायथ्याच्या एका वाडीतल्या तरुणाला आम्ही घोड्यासाठी कर्ज दिले. घोडा मी स्वतः पाहिला, विम्याच्या बिल्ल्याची खात्री केली, कागद रंगवले. महिन्याचा हप्ता ठरला. जानेवारी ते मे त्याने एकही हप्ता चुकवला नाही. जून आला, पाऊस आला, पर्यटक गेले. घोड्याला चारा रोज लागत होता आणि बँकेला हप्ता दर महिन्याला. मी वर लिहिले की या भागातल्या कर्जाचे हप्ते ऑक्टोबर ते मे असे बांधावेत. उत्तर आले की योजनेत हप्ता मासिक आहे. दुसऱ्या पावसाळ्यात त्याने घोडा विकला. आम्ही खात्यावर 'थकीत' असा शेरा मारला.

पुढच्या हिवाळ्यात मी आईला घेऊन माथेरानला गेलो. तिला चालवत नव्हते म्हणून हातरिक्षा केली. चढावर मागून ढकलणाऱ्याने मला ओळखले. तोच तो. धापा टाकत हसून म्हणाला, "साहेब, माझं खातं अजून चालू आहे का?" मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. उरलेला रस्ता मी रिक्षाच्या पुढे चालत राहिलो, एवढे आठवते.

म्हणून ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा असा आदेश दिला, तेव्हा मी ती बातमी दोनदा वाचली. सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने या प्रथेला अमानुष म्हटले. स्वातंत्र्याला पाऊणशेहून अधिक वर्षे झाल्यावरही माणसाने माणसाला ओढावे हे राज्यघटनेच्या वचनाशी विसंगत आहे, असा त्याचा आशय. पैसे नाहीत ही सबब राज्य सरकारने सांगू नये, असेही बजावले.

या प्रकरणातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे ई-रिक्षाची मागणी कोणा शहरी दयाळू मंडळींची नव्हती. ती हातरिक्षा ओढणाऱ्यांचीच होती. २०२२च्या डिसेंबरात सात ई-रिक्षांचा प्रयोग झाला. पुढे संख्या वाढवायचे ठरले, तेव्हा परवाने खरोखर ओढणाऱ्यांनाच मिळाले का, याची चौकशी करायची वेळ न्यायालयावर आली. आपल्याकडे लाभार्थींच्या यादीचे काय होते हे मला वेगळे सांगायला नको. त्या याद्या माझ्या टेबलावरून गेलेल्या आहेत.

दुसऱ्या बाजूचेही म्हणणे आहे आणि ते झटकून टाकण्यासारखे नाही. माथेरानात चारशेहून अधिक घोडे आहेत आणि प्रत्येक घोड्यामागे एक घर आहे. आज ई-रिक्षा आली, उद्या टेम्पो येईल, परवा मोटार, ही त्यांची भीती. निसर्गप्रेमींना काळजी आहे ती तांबड्या वाटांवर बसवल्या जाणाऱ्या पेव्हर ब्लॉकची. न्यायालयाने त्यावर मधला मार्ग काढला. दस्तुरीपासून बाजारपेठेतल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ब्लॉक चालतील, आतल्या वाटांवर नाहीत. मला हा मार्ग योग्य वाटतो. माथेरानचे वेगळेपण मोटार नसण्यात आहे. माणूस जुंपण्यात ते कधीच नव्हते. या दोन गोष्टी आपण उगाच एकाच गाठोड्यात बांधून ठेवल्या होत्या.

पण माझ्यातला बँकवाला पुढच्या एका कलमापाशी थबकतो. न्यायालयाने गुजरातमधल्या केवडियाचा दाखला दिला आहे. तिथे स्थानिक महिलांना ई-रिक्षा भाड्याने चालवायला मिळतात. त्याच धर्तीवर सरकारने रिक्षा विकत घ्याव्यात आणि खऱ्या ओढणाऱ्यांना भाड्याने द्याव्यात. उरतील त्या आदिवासी महिलांना आणि गावातल्या इतरांना द्याव्यात. याच निकालात १९८०च्या एका जुन्या निकालाची आठवण काढलेली आहे. तो पंजाबातल्या सायकलरिक्षावाल्यांचा खटला होता. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तेव्हा बँकेचे कर्ज मिळवून देऊन रिक्षा चालवणाऱ्यालाच तिचा मालक करण्याची वाट दाखवली होती. म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वी शब्द होता मालकी, आता शब्द आहे भाडे.

ही पीछेहाट आहे का? तरुणपणी मी 'हो' म्हटले असते. आज तसे ठामपणे म्हणवत नाही. मालकी आम्ही त्या घोडेवाल्याला दिलीच होती. मालकीबरोबर आली जोखीम, आणि जोखीम त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडली. ई-रिक्षाची बॅटरी कधीतरी बदलावी लागणार. तो खर्च हातावर पोट असलेल्या माणसाच्या डोक्यावर टाकण्यापेक्षा सरकारने पेलणे बरे. पण भाड्यालाही तोच जुना प्रश्न विचारायला हवा: पावसाळ्यात काय? रोजचे भाडे बारमाही सारखे ठेवले, तर जुलैत पुन्हा तीच कथा. त्या वेळी 'थकीत' शेरा बँकेचा होता, या वेळी तो सरकारी कचेरीचा असेल. भाडे हंगामाप्रमाणे बांधा, पावसाळ्यात ते नाममात्र ठेवा, आणि रिक्षा ज्याच्या नावावर आहे तोच ती चालवतो ना, हे वर्षातून दोनदा जागेवर जाऊन पाहा. यातले काहीही अवघड नाही. फक्त ते करणाऱ्याला माथेरानचे कॅलेंडर ठाऊक हवे.

याच मातीतल्या एका माणसाला ते ठाऊक होते. भाई कोतवाल हे माथेरानचे सुपुत्र. १९४२च्या लढ्यातले आझाद दस्त्याचे नायक आणि १९४३च्या २ जानेवारीला सिद्धगडावर आलेले हौतात्म्य, एवढे आपल्याला माहीत असते. पण त्याआधी सावकाराच्या विळख्यातून कष्टकऱ्यांना सोडवण्यासाठी त्यांनी या भागात धान्यकोठ्या काढल्या होत्या. अडीअडचणीच्या दिवसांत माणसाच्या घरात काय असते आणि काय नसते, हे ओळखून उभारलेली ती बँकच होती. आम्ही पदव्या घेतलेल्या अधिकाऱ्यांनी त्यातून शिकायला हवे होते.

आता राहतो आपला, म्हणजे पाहुण्यांचा वाटा. साडेचार हजारांच्या आतबाहेर वस्तीचे हे गाव. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ४,३९३ होती. एवढ्याशा गावावर शनिवारी सकाळी आपण सगळे एकदम कोसळतो आणि रविवारी संध्याकाळी एकदम उठून जातो. शार्लट तलाव पुरत नाही म्हणून पाणी खालून पंपाने चढवावे लागते. दोन दिवस खोल्यांचे दर आकाशाला भिडतात, पाच दिवस दुकानदार माश्या मारतात. मग दोन दिवसांत आठवड्याची कमाई करायची म्हणजे दस्तुरीला पाहुण्यामागे धावणे आले, दर वाढवणे आले, प्रसंगी दिशाभूलही आली. २०२५च्या मार्चमध्ये पर्यटकांच्या अशाच फसवणुकीच्या तक्रारींवरून गावाने बंद पुकारला होता. फसवणाऱ्याचे समर्थन नाही. पण सगळी कमाई दोन दिवसांत कोंबणाऱ्या या रचनेत आपलाही हात आहे.

हे मी दुसऱ्या दिवशी टेबलावर बोललो तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, सगळ्यांना मंगळवारी रजा मिळत नाही." खरे आहे. गिरणी-कारखान्यात, दुकानात, कचेरीत राबणाऱ्याला रविवारच असतो आणि तो त्याचा हक्क आहे. पण मला सगळेच वार रविवार असताना मी शनिवारच्या आगगाडीतली एक जागा का अडवावी? आमच्यासारख्या निवृत्तांनी, ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत त्यांनी, ज्यांना रजा साठवून ठेवण्याची सवय आहे त्यांनी आठवड्याच्या मधले दिवस धरले, तर रविवारवाल्याला जागा मिळेल आणि गावाला मंगळवारी दोन पैसे दिसतील. मुलाने थोडा विचार करून दोन दिवसांची रजा टाकली. नातीच्या बालवाडीला दांडी पडणार होती. तिची त्याला काही हरकत नव्हती.

प्रवासाचा आराखडा मग सोपा झाला. दस्तुरीजवळ अमन लॉज स्टेशन आहे. तिथून माथेरानपर्यंत छोटी गाडी वीसेक मिनिटांत पोहोचते आणि पावसाळ्यात नेरळकडचा मार्ग बंद असला तरी हा टप्पा सहसा चालू राहतो. २०१९च्या पावसाने नेरळचा मार्ग उखडला, तेव्हा संपूर्ण प्रवास पुन्हा सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला होता. त्या काळात गावाला या टप्प्याचाच आधार होता. सौ. आणि नात या गाडीने जातील. आम्ही तिघे चालू. सामानासाठी माणूस करू, दर आधी विचारू आणि ठरला की घासाघीस करणार नाही.

रविवारी रात्री सौ.ने बॅग भरायला घेतली. पाहतो तर पाच माणसांच्या दोन दिवसांसाठी तीन बॅगा. मी त्यातली एक उचलून पाहिली आणि काही न बोलता खाली ठेवली. तिने माझ्याकडे पाहिले, बॅग पुन्हा उघडली, जादा चादर, दुसरी शाल आणि फराळाचा मोठा डबा बाहेर काढला. मग म्हणाली, "चिवडा तिथेही मिळतो की. आणि नाहीतरी येताना चिक्की आणायचीच आहे."

दोन बॅगा झाल्या. मंगळवारी सकाळची कर्जत लोकल ठरली.