काशीची चकती, पॅरिसची फिरकी

काशीतल्या एका देवळात तीन सुया आहेत. एकीवर सोन्याच्या ६४ चकत्या रचल्यात आणि पुजारी पिढ्यान् पिढ्या त्या दुसऱ्या सुईवर हलवताहेत. एका वेळी एकच चकती, आणि लहानीवर मोठी ठेवायची नाही. काम संपलं की जग खलास! हा किस्सा ‘आपल्या पूर्वजांचं अगाध गणित’ म्हणून तुमच्याही इनबॉक्समध्ये कधीतरी येऊन पडला असेल.

सॉरी, पण हा माल पॅरिसचा आहे. १८८३मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने ‘टॉवर ऑफ हनोई’ नावाचं आठ चकत्यांचं खेळणं बाजारात आणलं. स्वतःचं नाव मात्र दडवलं. डब्यावर छापलं, सयामचे प्रोफेसर एन. क्लॉस, ली-सू-स्तियान कॉलेजचे मँडरिन! या नावांची रोमन अक्षरं उलटीपालटी केली की ‘अमियाँचा ल्युका’ आणि ‘सँ लुई’ निघतात. अमियाँ त्याचं जन्मगाव, सँ लुई तो शिकवायचा ती शाळा. काशीचं देऊळ आलं ते सोबतच्या माहितीपत्रकातून, तेही गोवळकोंड्याच्या हिऱ्यांसकट. जाहिरात असावी तर अशी. तेव्हा किस्सा फॉरवर्ड करायचाच असेल तर बिचाऱ्या ल्युकाच्या नावाने करा.

गणित मात्र शंभर नंबरी. घरातली चार लहानमोठी झाकणं घ्या, कागदावर तीन गोल काढा. तळातलं झाकण हलवायचं तर आधी वरची तिन्ही मधल्या गोलात गेली पाहिजेत. त्याला ७ चाली. मग मोठं झाकण, १ चाल. मग ती तिन्ही परत त्याच्या डोक्यावर, आणखी ७. झाल्या १५. म्हणजे चकती एक वाढली की चाली दुप्पट, वर एक. आठ चकत्यांना २५५ चाली लागतात. त्यात सगळ्यात मोठी चकती हलते फक्त एकदा, आणि सगळ्यात चिल्लर १२८ वेळा. (ऑफिसातल्या ट्रेनी मंडळींना हे वेगळं सांगायला नकोच.)

आणि ६४ चकत्यांना? दर सेकंदाला एक चाल धरली, चहाचा ब्रेकसुद्धा दिला नाही, तरी साधारण ५८ हजार कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय आहे सुमारे १,३८० कोटी. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दाणे दुप्पट करत जायची गोष्ट आठवतेय? त्या सगळ्या दाण्यांची बेरीज आणि या चालींचा आकडा, डिट्टो सेम.

चार झाकणं १५ चालींत जमली, की पाचवं घ्या. ३१च्या वर गेलात तर मध्ये कुठेतरी चाल फुकट गेलीय.