काळी, म्हणजे कोणती?

सदर : ढेकूळफोड

या आठवड्यात एका कृषी प्रदर्शनात महाराष्ट्राच्या जमिनींचा गुळगुळीत कागदावर छापलेला रंगीत नकाशा फुकट मिळाला. फुकट म्हणून घेतला आणि झोप घालवून बसलो. कोकणची पट्टी तांबडी, पूर्व विदर्भाचा कोपरा पिवळसर आणि उरलेला अख्खा महाराष्ट्र, नागपूरच्या वेशीपासून सोलापूरपर्यंत, एकाच काळ्या शाईत बुडवलेला. खाली चौकट : काळी कसदार जमीन, ओलावा धरून ठेवते, पाऊस ५०० ते ११०० मिलिमीटर, पिके कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. चौकटीखाली खताच्या पोत्याचं चित्र. म्हणजे हिंगणघाटच्या शेतकऱ्याने आणि मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याने एकच पोतं डोक्यावर घेऊन घरी जायचं.

जुने वाचक आता म्हणत असतील की हा परत खड्ड्यावर येणार. येणारच आहे. पण आधी तेवढं ५०० ते ११०० बघून घेऊ. पावसाचा आकडा दुपटीहून जास्त ताणायचा आणि त्याला एकाच जमिनीची ओळख म्हणायचं, याला हिशेब म्हणत नाहीत, सोय म्हणतात. शिवाय हा आकडा एकटा काही सांगतही नाही. मंगळवेढ्याला पाऊस बेताचाच, तोही बराचसा सप्टेंबरात. तरी तिथली मालदांडी ज्वारी भौगोलिक मानांकन घेऊन बसली आहे, कारण खोल काळी जमीन मीटरभर खोलीत दीडशे ते दोनशे मिलिमीटर ओल पिकाच्या कामाची म्हणून साठवू शकते आणि ज्वारी ती हिवाळाभर पुरवून खाते. तिथे चौकटीतलं 'ओलावा धरून ठेवते' खरं आहे. मंगळवेढ्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती दर्यापूरबद्दल.

वर्धा-हिंगणघाटकडचं एक शेत घ्या आणि पूर्णेच्या खोऱ्यातलं, दर्यापूर भागातलं दुसरं. दोन्हीकडे कापूस आणि तूर. दोन्हीकडे उन्हाळ्यात पाय अडकेल अशा भेगा. ढेकूळ ओलं करून मातीचा रंग ठरवायच्या मन्सेलच्या रंगपुस्तिकेशी लावलं तर दोन्हीकडचं १० वायआरच्या पानावर, गडद करड्या-काळ्या चौकोनात बसतं. चिकणमातीचं प्रमाण दोन्हीकडे निम्म्याच्या पुढे, आणि ती चिकणमातीही फुगणाऱ्या-आकसणाऱ्या स्मेक्टाइट जातीची. वर्गीकरणात दोघी व्हर्टिसोल. वरून बघणाऱ्याला, मग तो बांधावर उभा असो की उपग्रहात बसलेला, फरक करायला फारसं काही मिळत नाही.

फरक खड्ड्यात दिसतो. दीड मीटर खोल उतरलं की खालच्या मातीत एकमेकींवर घासून गुळगुळीत झालेल्या, तिरप्या, चकाकणाऱ्या पाट्या दिसतात. जमीन दरवर्षी फुगते आणि आकसते त्याची ही खूण. जास्त पावसाच्या भागात वरून आलेल्या भेगा सहसा या चकाकत्या थराच्या वरच संपतात. कोरड्या भागात त्या थरात घुसतात. आता सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकत खाली जायचं. चुना दोन्हीकडे आहे, फसफस दोन्हीकडे होते. दर्यापूरकडे मात्र खाली जावं तशी ती वाढते, आणि सगळं रामायण या चुन्यात आहे.

वर्ध्याकडे पाऊस हजार-अकराशेच्या घरात, पूर्णेच्या खोऱ्यात आठशेच्या आत-बाहेर. या खोऱ्यात पावसाच्या जवळपास दुप्पट पाणी हवा मागते. पाणी खोल मुरून जाण्याऐवजी मधेच सुकतं आणि त्यात विरघळलेला कॅल्शियम चुना होऊन तिथेच बसतो. चिकणमातीच्या कणांवर कॅल्शियमची जी जागा असते ती मग सोडियमला मिळते. कॅल्शियम कणांना एकत्र बांधतो, सोडियम त्यांना सुटं करतो. सुटे झालेले बारीक कण पाण्याबरोबर खाली सरकतात आणि चहाच्या गाळणीत साका बसावा तसे छिद्रांत बसतात. पाणी मुरणं आणखी मंदावतं, म्हणून आणखी चुना बसतो, म्हणून आणखी सोडियम वर येतो. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात पूर्णेच्या खोऱ्यात हे उलगडून दाखवलं. संस्थेचा पत्ता अमरावती रोड. त्याच रस्त्याने सरळ गेलं की खारपाण पट्टा येतो.

हो, खारपाण पट्टा. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतली सुमारे ९०० गावं. तिथल्या विहिरीचं पाणी खारं असतं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि बातम्याही पाण्याच्याच येतात. जमिनीचं दुखणं मात्र त्या काळ्या शाईखाली झाकलेलं राहतं, कारण ती दिसते छान. पांढरा क्षार वर फुटून आला असता तर कुणी तरी फोटो तरी काढला असता. इथे वरच्या थराची विद्युत वाहकता बहुतेक वेळा कमीच निघते आणि सामू आठ-साडेआठच्या मागे-पुढे. तेवढा सामू तर चुनखडी असलेल्या कुठल्याही साध्या काळ्या जमिनीचाही असू शकतो. कागदावर जमीन ठणठणीत.

शेतात काय होतं ते तिथल्या माणसाला विचारा. पहिला पाऊस भेगा पिऊन टाकतात. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं सगळं पाणी छिद्रांतूनच जायला हवं, ती तर बुजलेली. पाणी तुंबतं, कपाशी पिवळी पडते. वर्ध्याकडे पाऊस उघडला की चार दिवसांत वापसा येतो आणि डवरा चालतो. इथे वापशाची वाट बघत तण गुडघ्याला लागतं. मग पंधरा दिवसांची उघडीप पडली की तेच शेत सुकायला लागतं, कारण खाली ओल गेलेलीच नसते आणि जी असते ती चिकणमाती इतकी घट्ट धरून बसते की मुळाला सोडत नाही. एकाच हंगामात एकाच शेताची अतिवृष्टीचीही तक्रार आणि दुष्काळाचीही. पंचनामा करणाऱ्याने कुठला रकाना भरायचा?

चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, जमीन ठरवायला सहसा कणांवर बसलेल्या, म्हणजे विनिमययोग्य सोडियमचा १५ टक्क्यांचा आकडा वापरतात. पूर्णेच्या खोऱ्यात ५ टक्क्यांच्या आसपासच पाण्याचा निचरा बिघडायला लागतो, असं नागपूरकरांच्या अभ्यासातून पुढे आलं. म्हणजे पुस्तकी कसोटीत पास होणारी कितीतरी शेतं प्रत्यक्षात नापास आहेत. याहून मजेशीर गोष्ट पेढी नदीच्या पाणलोटात सापडली. तिथे डोळ्यांना जेमतेम कळेल अशा उंचवट्यावरची जमीन चोपण, आणि जवळच्या सखल भागातली बरी. आपली समजूत उलटी असते, खार नेहमी खोलगटात साचतो अशी. इथे उंचवट्यावरून पाणी वाहून जातं, मुरतं कमी, म्हणून चुना बसतो आणि बाकीचं चक्र सुरू होतं. पर्जन्यमापक एक, नोंद एक, गाव एक, आणि जमिनी दोन. आता सांगा, जिल्ह्याची सरासरी घेऊन कुठे जायचं?

सरासरीवर माझा राग जुना आहे, त्यामुळे इथे थांबतो. मृदा आरोग्यपत्रिकेवरचा राग त्याहून जुना आहे, त्यामुळे थांबत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सूरतगडला योजना सुरू झाली तेव्हा मी या कार्डाचं स्वागतच केलं होतं. कार्डावर बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब. खोली नाही. चिकणमाती किती ते नाही. चुना नाही. विनिमययोग्य सोडियम नाही. नमुना वरच्या वीतभर थरातला. योजनेच्या सुरुवातीच्या नियमात कोरडवाहू भागात दहा हेक्टरच्या चौकोनाला एक नमुना, त्यात उंचवटा आणि सखल भाग दोन्ही आले तर दोघांची भेळ. दर्यापूरच्या कार्डात आणि हिंगणघाटच्या कार्डात जस्त कमी-जास्त निघेल. जो फरक पिकाला मारतो त्याला कार्डात रकानाच नाही. माझा आपला एक संशय आहे, पुरावा काही नाही, की ज्या गोष्टीचं पोतं विकता येतं तिलाच या देशात रकाना मिळतो. निचऱ्याचं पोतं अजून कुणी काढलेलं नाही.

बरं, माहितीच नाही अशातला भाग नाही. सगळ्या राज्यांचं मृदा सर्वेक्षण १ : २,५०,००० प्रमाणावर झालेलं आहे. पाऊस, बाष्पीभवन, जमिनीची ओल धरण्याची ताकद आणि त्यावरून पिकाला मिळणारे दिवस असा सगळा मेळ घालून देशाचे आधी २० आणि नंतर ६० कृषी-परिस्थितिकी विभाग पाडले गेले, त्यालाही तीन दशकं झाली. राज्य सरकारच्या पोकरा या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पाने खारपाणातली नऊशेहून अधिक गावं वेगळी धरली, हे श्रेय द्यायलाच हवं. पण सर्वेक्षणाचे अहवाल इंग्रजीत, जाड पुठ्ठ्यात, कुलूपबंद कपाटात. आणि तालुक्याच्या दुकानात भिंतीवर नकाशा कुठला, तर एकरंगी काळा.

पेरणीला वेळ आहे आणि भेगा अजून उघड्या आहेत, म्हणून खारपाणातल्या वाचकांसाठी एवढंच. जिप्समच्या जाहिराती आता सुरू होतील. जिप्सम म्हणजे कॅल्शियमच, उपाय चुकीचा नाही. पण एकरी किती टाकायचं ते सोडियम किती आहे यावर आणि किती खोलीपर्यंतची जमीन सुधारायची यावर ठरतं, दुकानदाराच्या गोदामात किती पोती पडली आहेत यावर नव्हे. शेताच्या उंच आणि सखल भागाचे नमुने वेगळे ठेवा. प्रत्येक जागी वीतभर खोलीचा एक आणि दोन-तीन फुटांखालचा एक घ्या. प्रयोगशाळेत देताना विनिमययोग्य सोडियम आणि चुनखडी तपासायला स्पष्ट लिहून द्या, नाहीतर सवयीने तेच बारा रकाने भरून हातात येतील. आणि विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर भिजवत असाल तर त्या पाण्याचीही बाटली सोबत द्या, कारण वरून सोडियम ओतत राहिलात तर जिप्सम टाकून काही उपयोग नाही.