तोंडी 'बंद' म्हणजे कायद्याने बंद नाही



लावणीची रोपं नर्सरीतून गेली की गार्ड सांगतो, "उद्यापासून येऊ नको." नोटीस नाही, कारण नाही, साधा कागद नाही. पाच-पाच, सहा-सहा वर्षं पिशव्यांत माती भरणाऱ्या, रोपांना पाणी घालणाऱ्या बाया मुकाट घरी जातात. पुढच्या साली बोलावलं तर बोलावलं.

पण यंदा घरी कोणाला बसवलं ते नीट बघा. ज्यांनी वनजमिनीचा दावा टाकला, ज्या मोर्च्याला आल्या, पंचनाम्याच्या वेळी शेतात उभं राहून ज्यांनी हद्द दाखवली, नेमकी त्यांचीच नावं मस्टरवरून गेली. जमीन सोड, नाहीतर मजुरी सोड, असा हा सौदा आहे. म्हणून नर्सरीचा प्रश्न जमिनीच्या लढ्याहून वेगळा समजू नका.

आपल्यातलेच पुष्कळ जण म्हणतात, "आपण रोजंदारीवाले, आपला कसला हक्क?" साहेबही हेच सांगतो. पण सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर १९९५ ला वेगळं सांगितलं आहे. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतले वनखात्याचे रोजंदारी मजूर भांडत भांडत तिथवर गेले. सरकार म्हणालं, जंगल राखणं हे राज्याचं काम, तो काही उद्योग नाही, म्हणून कामगार कायदा लागत नाही. कोर्टाने ते मानलं नाही. पाच-सहा वर्षं राबवून घ्यायचं आणि कायम करायचं नाही, ही अनुचित प्रथा ठरली आणि मजुरांना कायम करण्याचा हुकूम टिकला. निकाल तिथल्या योजनांवरचा आहे. आपलं कामही तसंच आहे हे आपल्याला दाखवून द्यावं लागेल. पण वाट मोकळी झाली आहे.

आता कायदा काय म्हणतो ते वाचून दाखवा, ज्याला वाचता येत नाही त्याला समजावा.

कामावरून कमी करण्याचा कायदा (२०२५ पर्यंत तो औद्योगिक विवाद कायदा, १९४७, कलम २५ एफ मध्ये होता): मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या कामगाराला कमी करायचं तर आधी कारणासह एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय भरलेल्या दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई म्हणून. हे न करता काढलं तर ते काढणं बेकायदा. म्हणूनच २४० दिवस भरायच्या आत 'ब्रेक' देतात, नाहीतर तुमची हजेरी दुसऱ्याच्या नावावर मांडतात.

दुसरा कायदा आपल्या महाराष्ट्राचा, १९७१ चा, अनुचित कामगार प्रथांचा. सूड म्हणून काढणं, खोटं निमित्त करून काढणं ही त्यात अनुचित प्रथा आहे. एकटा कामगारसुद्धा तक्रार करू शकतो. कोर्ट परत कामावर घ्यायचा आणि मधल्या काळाचा पगार द्यायचा हुकूम करू शकतं. मात्र तक्रार ९० दिवसांत गेली पाहिजे. उशीर झाला तर त्याचं सबळ कारण कोर्टाला पटवावं लागतं. "होळीनंतर बघू" म्हणत बसलात तर मुदत गेली.

कोर्टात विचारणार, पुरावा काय? मस्टर साहेबाच्या कपाटात. इथे जमिनीचा अनुभव आठवा. जंगलजमीन कसली म्हणून ज्या दंडाच्या पावत्या फॉरेस्टने फाडल्या, त्याच आज आपल्या कब्जाचा पुरावा आहेत. ज्यांनी त्या पत्र्याच्या पेटीत जपल्या त्यांचा दावा उभा राहतो. ज्यांच्या उंदरांनी खाल्ल्या त्यांची धावपळ चालली आहे. हजेरीचंही तसंच होणार. तेव्हा:

१) शाळेत जाणाऱ्या पोराकडून वहीत रोज लिहून घ्या: तारीख, काम, कोणी सांगितलं, किती मजुरी मिळाली.
२) कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. लिहिलेला असेल तर आधी वाचून घ्या.
३) "येऊ नको" म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी दोन साक्षीदार घेऊन कामावर जा. परत पाठवलं तर त्याच आठवड्यात स्पीड पोस्टाने अर्ज पाठवा, पावती जपा.
४) एकटं जाऊ नका. आज ज्यांना ठेवलं आहे त्यांनीही सोबत यावं. उद्या त्यांची पाळी आहे.

कोर्टाचं काम सोपं आहे असं आम्ही सांगत नाही. ठाण्याला एक तारीख म्हणजे एक रोज बुडाला, वर एस.टी.चं भाडं. साहेबाचा वकील सरकारी, त्याला घाई नाही. त्यामुळे नुसत्या अर्जावर विसंबून चालणार नाही. अर्जही हवा आणि रेंज ऑफिसासमोर माणसंही हवीत. तारखेला जाणाऱ्या बाईचं भाडं गावाने वर्गणीतून भरावं. तिची लढाई आपल्या सगळ्यांच्या प्लॉटसाठी आहे.

पुढच्या गावबैठकीला ज्यांना ज्यांना काढलं आहे त्यांची यादी करून आणा: नाव, किती वर्षं काम, कोणत्या तारखेपासून बंद. ९० दिवस त्या तारखेपासून मोजले जातात.