जागरण परक्या दारी

विश्वचषक फुटबॉल स्पर्धा दर चार वर्षांनी भरते आणि दर चार वर्षांनी आपल्याकडील गावे व शहरे काही आठवड्यांपुरती पालटून जातात. एरवी अकराच्या आत दिवे मालवणारी घरे पहाटेपर्यंत जागी राहतात. स्पर्धा अमेरिका खंडात असली, तर सामना रंगात येण्याची आणि कोंबडा आरवण्याची वेळ एकच पडते. दुसऱ्या दिवशी कचेरीत तांबारलेल्या डोळ्यांनी बसलेल्या कारकुनास काय झाले, हे विचारण्याचे कारण उरत नाही. कोल्हापुरात चौकाचौकांत परदेशी खेळाडूंचे फलक झळकतात. केरळातील कोझिकोड जिल्ह्यात पुल्लावूर नावाचे एक खेडे आहे. तेथील रसिकांनी २०२२ साली नदीच्या पात्रात मेस्सीची तीस फुटी आणि काठावर नेमारची चाळीस फुटी प्रतिमा उभी करून साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले होते. आणि हे सारे कोणत्या स्पर्धेसाठी? ज्या स्पर्धेत आपल्या राष्ट्रीय संघाने आजवर एकही सामना खेळलेला नाही, त्या स्पर्धेसाठी! खंडोबाचे जागरण घालणाऱ्या महाराष्ट्रास रात्र जागविण्याचे अप्रूप नाही. परंतु ते जागरण आपल्या कुलदैवताचे असते. येथे दैवत परके, देऊळ परके आणि यजमानही परका. भक्ती तेवढी अस्सल आपली.

या भक्तीची थट्टा करणारी शहाणी माणसे पुष्कळ आहेत. ‘अर्जेंटिना हरली तर तुमच्या बापाचे काय गेले?’ असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न रोकडा आहे आणि व्यवहाराच्या वहीत त्याला उत्तर नाही. परंतु हाच हिशेब लावावयाचा, तर नाट्यगृहात बसून रामाच्या शोकाने डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकासही तो अयोध्येचा रहिवासी आहे काय, असे विचारावे लागेल. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी या गोष्टीचा उलगडा शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवला आहे. रंगभूमीवरील सुखदुःख जेव्हा एका व्यक्तीचे न राहता सर्वांचे होते, तेव्हाच रस निर्माण होतो. त्यास त्यांनी ‘साधारणीकरण’ असे नाव दिले. हिरवळीवर धावणाऱ्या त्या बावीस जणांकडे पाहताना रसिकाला होते ते हेच. अकरा परकी माणसे त्याची होतात आणि त्यांचा पराभव त्याला घरातील पराभवासारखा झोंबतो. आमच्या मते हा वेडेपणा नसून माणसाच्या मनाचा मोठेपणा आहे.

फुटबॉलइतका हा अनुभव दुसरा कोणताही खेळ क्वचितच देत असेल. एक चेंडू आणि थोडी मोकळी जागा एवढ्या भांडवलावर तो खेळता येतो. नियम पोरासोरांनाही तासाभरात उमगतात. शिवाय येथे गोल ही दुर्मिळ वस्तू आहे. नव्वद मिनिटे धडपडून कित्येकदा एकच गोल होतो, आणि कधी तोही होत नाही. म्हणून प्रत्येक चढाईबरोबर आशा उसळते, प्रत्येक वेळी ती ओसरते, आणि साठत साठत गेलेली ती आशा अखेर फुटते तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

२०२२ सालची कतारमधील स्पर्धा आठवावी. २२ नोव्हेंबर रोजी, सलग ३६ सामने अपराजित राहिलेल्या अर्जेंटिनाला सौदी अरेबियाने २-१ असे हरविले. अर्जेंटिनाच्या चाहत्यांच्या घरी त्या दिवशी सुतक असल्यासारखी कळा होती. त्यानंतर २६ दिवसांनी, १८ डिसेंबरला, लुसैलच्या मैदानावर तोच संघ फ्रान्सविरुद्ध अंतिम सामन्यात उतरला आणि ८० व्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे होता. मिठाईच्या पुड्या सुटू लागल्या होत्या. तोच एम्बाप्पेने अवघ्या दोन मिनिटांत दोन गोल केले. जादा वेळेत मेस्सीने पुन्हा आघाडी घेतली, एम्बाप्पेने ती पुन्हा पुसली. ३-३ अशी बरोबरी असताना अगदी शेवटच्या क्षणी फ्रान्सचा कोलो मुआनी एकटाच गोलासमोर आला आणि गोलरक्षक मार्टिनेझने पसरलेल्या डाव्या पायाने तो फटका अडविला. त्या एका क्षणात रसिकांची किती आयुष्ये सरली आणि किती परत मिळाली, याची गणती कोणी करावी? अखेर पेनल्टींवर ४-२ असा निकाल लागला. दोन दिवसांनी ब्युनॉस आयर्सच्या रस्त्यांवर अंदाजे ४० लाख माणसे लोटली. विजेत्यांची मिरवणूक गर्दीतून पुढे सरकेना, तेव्हा खेळाडूंना हेलिकॉप्टरमधून न्यावे लागले. जो समाज महागाईने गांजलेला होता, त्याला एका चेंडूने काही दिवस तरी आपली दुःखे विसरावयास लावली. ही किमया लहान नव्हे.

मात्र भक्तीची सीमा ओलांडली की उन्माद सुरू होतो, आणि फुटबॉलचा इतिहास अशा उन्मादाच्या डागांनी भरलेला आहे. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर दीड-दोन लाख प्रेक्षकांसमोर ब्राझीलचा संघ उरुग्वेकडून २-१ असा हरला. त्या पराभवाचे खापर गोलरक्षक बार्बोसाच्या माथी फोडण्यात आले आणि २००० साली डोळे मिटेपर्यंत त्या बिचाऱ्याला ते वाहावे लागले. १९९४ साली कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून चेंडू चुकून स्वतःच्याच गोलात गेला. मायदेशी परतल्यावर थोड्याच दिवसांत मेदेयिन शहरात गोळ्या घालून त्याचा खून झाला. २०२१ साली युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात पेनल्टी चुकलेल्या इंग्लंडच्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंवर त्यांच्याच देशबांधवांनी वर्णद्वेषी शिव्यांचा भडिमार केला. खेळाडू जिंकला तर आपला आणि हरला तर परका, असे म्हणणारा मनुष्य रसिक नव्हे. तो जुगारी होय. याउलट कतारमध्ये सामने संपल्यावर मैदानातील कचरा पिशव्यांत भरून मगच घरी जाणारे जपानी प्रेक्षक साऱ्या जगाने पाहिले. जल्लोष आणि शिस्त एकाच अंगणात नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही देशाच्या रसिकास लागू पडेल. आता आपल्यापुरता प्रश्न विचारावयास हवा. परक्या दारी इतके जागरण करणाऱ्या या देशाच्या स्वतःच्या दारी अंधार का?

तो पूर्वीपासून होता असे मात्र नाही. १९५० सालच्या विश्वचषकासाठी आपली पात्रता ठरली होती. अनवाणी खेळू दिले नाही म्हणून आपण गेलो नाही, ही आख्यायिका आजही सांगितली जाते. वस्तुतः त्या वेळच्या चालकांना ऑलिंपिकपुढे या स्पर्धेची मातब्बरी वाटली नाही, हे कारण अधिक खरे आहे. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये आपण चौथे आलो. तेथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा हा मूळचा गोमंतकीय आणि मुंबईच्या मैदानांवर गाजलेला खेळाडू होता. १९६२ साली जकार्ता येथे, सय्यद अब्दुल रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली, विरोधात गेलेल्या प्रेक्षकांच्या गदारोळात आपण दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून आशियाई सुवर्णपदक जिंकले. खुद्द मुंबईत १८९१ सालापासून रोव्हर्स चषकाची स्पर्धा भरत होती. कूपरेजच्या मैदानावर हैदराबाद पोलिसांच्या संघाने १९५० पासून सलग पाच वर्षे तो चषक नेला, त्याच्या कथा जुने मुंबईकर रंगवून सांगत. शंभर वर्षांहून अधिक काळ चाललेली ती स्पर्धा या शतकाच्या आरंभी बंद पडली आणि मुंबईने एक अश्रूही ढाळला नाही!

याच मुंबईतील आणखी एक प्रसंग नोंदवून ठेवण्याजोगा आहे. १ जून २०१८ रोजी अंधेरीच्या मैदानावर भारताने तैवानच्या संघाला ५-० असे हरविले आणि कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले. एवढ्या अफाट वस्तीच्या या महानगरातून तो सामना पाहावयास किती माणसे आली होती? अवघी २,५६९! दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून जनतेला विनवणी केली: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. ती विनवणी ऐकून लोक हेलावले. ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे खपली आणि धो धो पावसात भिजत प्रेक्षकांनी छेत्रीचा शंभरावा सामना साजरा केला. त्यानंतर दहा दिवसांनी रशियातील विश्वचषक सुरू झाला, तेव्हा रात्री जागविण्यासाठी याच शहराला कोणाच्याही विनवणीची गरज पडली नाही. आपल्या कर्णधाराला पदर पसरावा लागावा आणि परक्या कर्णधाराच्या पायी आपण आपण होऊन लोटांगण घालावे, याला काय म्हणावे?

डिसेंबर २०२५ मध्ये मेस्सी कोलकात्यास आला, तेव्हा त्याला नुसते पाहण्यासाठी लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे घेतली. बड्या मंडळींनी त्याला असा काही गराडा घातला की, तिकीट काढलेल्या सामान्य रसिकास त्याची टोपीही दिसली नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला आणि संतापलेल्या लोकांनी खुर्च्या मोडल्या. खुर्च्या मोडणे निंद्यच होय. परंतु रसिकाच्या भाबड्या भक्तीवर बडव्यांनी पोट भरावे, हा अनुभव महाराष्ट्राला तरी अपरिचित नाही.

तथापि या दारिद्र्याचा सारा दोष रसिकांवर लादणे अन्यायाचे होईल. ज्या खेळाचा कारभारच धड नाही, त्या खेळाकडे लोकांनी कोणत्या विश्वासाने वळावे? ऑगस्ट २०२२ मध्ये बाहेरच्या हस्तक्षेपाचे कारण दाखवून जागतिक संघटनेने आपल्या महासंघाला काही दिवस निलंबित केले. २०२५ साली देशातील सर्वांत मोठ्या लीगचा हंगाम कराराच्या घोळामुळे ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक आपल्याकडे भरला, १३ लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला, आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात भारतातर्फे खेळला. त्या वर्षी महाराष्ट्रात शाळाशाळांतून चेंडू वाटण्यात आले, भाषणे झाली, छायाचित्रे निघाली. परंतु चेंडू लाथाडावयास जागा लागते. शहरातील मोकळ्या जागा इमारतींनी, मोटारींनी आणि मंडपांनी गिळून टाकल्यावर मुलांनी तो चेंडू काय कपाटात ठेवावा?

लोकसंख्या मोठी असली म्हणजे संघ मोठा होतो, असेही नाही. २०२६ पासून विश्वचषकात ३२ ऐवजी ४८ संघांना प्रवेश मिळाला, तेव्हा जेमतेम दीड लाख वस्तीचे कुरासाव हे कॅरिबियन बेट त्यासाठी पात्र ठरले. दीड लाख म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराची वस्ती! आणि १४० कोटींचा आपला देश पात्रता फेरीत गुवाहाटीच्या मैदानावर अफगाणिस्तानकडून हरला व दुसऱ्याच टप्प्यात बाद झाला. कुरासावच्या खेळाडूंना हॉलंडमधील क्लबांत घडण्याची संधी मिळाली, हे खरे. पण घडविल्यावाचून खेळाडू घडत नाही, हाच त्याचाही अर्थ आहे.

आमच्या राज्यात एक दिवा मात्र तेवता आहे. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात, तेव्हा पेठाच्या पेठा लोटतात. ज्या तालमींनी मल्ल घडविले, त्यांनीच फुटबॉलही आपलासा केला. तेथे ईर्ष्येपायी कधी हाणामारी होते, आणि त्याबद्दल कोल्हापूरकरांचे कान धरावयासच हवेत. परंतु चौकात मेस्सीचा फलक लावणारा कोल्हापूरचा तरुण आपल्या तालमीच्या सामन्यालाही तितक्याच हिरिरीने जातो. परक्याचे कौतुक आणि घरच्याचा अभिमान यांत वैर नाही, याचा याहून रोकडा पुरावा कोणता हवा?

म्हणून रसिकांनी जागरण सोडावे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. त्यांनी जरूर जागावे, ओरडावे, रडावे; ज्या समाजाला कशाचेच वेड नाही, तो समाज मेलेला असतो. आमचे मागणे एवढेच की, त्या वेडाचा काही वाटा घरच्या मैदानाला मिळावा. वर्षातून दोन-चार वेळा आपल्या शहराच्या, आपल्या जिल्ह्याच्या संघाचा सामना पदरचे पैसे मोडून पाहावा, आणि आपल्या प्रभागातील मैदानावर बांधकामाची कुदळ पडू लागली तर गोलासाठी केली त्याहून मोठी आरोळी ठोकावी. महानगरपालिकांनी प्रत्येक प्रभागात एक तरी मैदान खेळासाठी राखून ठेवावे आणि सरकारने रोव्हर्स चषक पुन्हा सुरू करण्याचा मान महाराष्ट्राकडे घ्यावा. प्रेक्षक आले म्हणजे खेळाडू येतात, खेळाडू आले म्हणजे पैसा येतो, आणि लोकांचे डोळे लागून राहिले म्हणजे चालकांनाही झोप घेता येत नाही. अंधेरीच्या त्या रिकाम्या खुर्च्या भरावयास एका विनवणीने तीन दिवस पुरले होते. त्या पुन्हा रिकाम्या पडू नयेत, एवढे जरी आपण केले, तरी परक्यांचे झेंडे फडकविणाऱ्या आपल्या हातांना एक दिवस स्वतःचा झेंडा फडकविण्याचा अधिकार प्राप्त होईल.