धरणातला मासा आणि डाळीचे पीठ

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या हिंगोली जिल्ह्यात मिळणारा मासा प्रामुख्याने गोड्या पाण्यातला असतो. पूर्णेवरचे सिद्धेश्वर धरण, पैनगंगेवरचा इसापूरचा जलाशय, कयाधूचे पात्र आणि गावोगावचे तलाव यांतून रोहू, कटला, मृगळ, मरळ, चिलापी असे मासे बाजारात येतात. असे असूनही तळलेल्या माशाचा विषय निघाला की सुरमई-पापलेटाचे आणि रवा लावून तव्यावर परतण्याच्या किनारपट्टीच्या रीतीचेच नाव पुढे येते, आणि त्यामुळे हा पदार्थ खर्चिक व मराठवाड्यात न जमणारा आहे अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत सोडून द्यावी, कारण धरणातल्या माशाला डाळीच्या पिठाचे आवरण अधिक मानवते आणि त्याला लागणारे बहुतेक जिन्नस इथल्या स्वयंपाकघरात एरवीही असतातच.

रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांतले मासे असून पावसाळ्यातल्या वाहत्या पाण्यातच ते अंडी घालतात. साचलेल्या तळ्यात त्यांची वीण सहसा होत नाही. डॉ. हिरालाल चौधुरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात या जातीच्या माशांना पीयूषिका ग्रंथीचा, म्हणजे मेंदूच्या तळाशी असणाऱ्या लहानशा ग्रंथीचा, अर्क टोचून बंदिस्त पाण्यात त्यांची वीण घडवून आणली. या पद्धतीला प्रेरित प्रजनन म्हणतात, आणि तिच्यामुळेच मत्स्यबीज, म्हणजे माशांची इवलीशी पिले, मोठ्या प्रमाणावर तयार करून देशभरच्या धरणांत सोडता येऊ लागली. रोहू सुरमईच्या मानाने स्वस्त मिळतो त्यामागे या शोधाचा मोठा वाटा आहे, आणि सामान्य माणसाच्या ताटात मासा आणणाऱ्या या संशोधकाचे नाव पाककृतींच्या पुस्तकांतही यायला हवे.

या माशांबद्दलच्या तक्रारी दोन, आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली मातकट वासाची: साचलेल्या पाण्यातले काही नीलहरित शेवाळ आणि गाळातले जिवाणू जिओस्मिन नावाचे द्रव्य तयार करतात, ते माशाच्या चरबीत व कातडीत मुरते, आणि आंबट पदार्थाच्या संगतीत त्याचे विघटन होत असल्याने लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ चोळल्यावर वास पुष्कळ कमी होतो. दुसरी तक्रार काट्यांची. रोहूच्या मांसात, विशेषतः शेपटीकडच्या भागात, दोन फाटे फुटलेले बारीक काटे विखुरलेले असतात आणि ते उपसून काढता येत नाहीत. म्हणून कणा काढलेल्या तुकड्याची कातडी खाली ठेवून धारदार सुरीने तीन-चार मिलिमीटरवर एक अशा चिरा कातडीपर्यंत द्याव्यात. सुरी काट्यावरून जाताना बारीक करकर ऐकू येते. हे तुटलेले काटे तळणीत कुरकुरीत होतात आणि घशाला टोचत नाहीत. ज्या घरात लहान मुले आहेत तिथे मात्र काटे तपासूनच घास द्यावा.

अर्धा किलो माशाला मीठ, वसमतकडची हळद, तिखट, आले-लसणाचे वाटण आणि लिंबू लावून वीस मिनिटे ठेवले की मिठामुळे पाणी सुटते. ते निथळून तुकडे फडक्याने कोरडे टिपावेत आणि वर कोरडे पीठ भुरभुरावे, एरवी आवरण तेलात निसटते. एक वाटी डाळीचे पीठ, पाव वाटी तांदळाचे पीठ, हातावर चोळलेला ओवा आणि मीठ थंड पाण्यात भज्यांपेक्षा किंचित सैल भिजवावे. डाळीच्या पिठाने आवरण माशाला धरून राहते, तर तांदळातल्या पिष्टामुळे त्याला कुरकुरीतपणा येतो. तांदळाचे पीठ नसेल तर ज्वारीचे चालते, मात्र पोत थोडा भरड राहतो. अंड्याची किंवा विकतच्या मसाल्याची गरज नाही.

तेल सुमारे १७५ अंश सेल्सिअस तापलेले असावे; पिठाचा थेंब टाकताच तो बुडबुड्यांसह वर आला तर तेल योग्य तापले असे समजावे. माशातल्या पाण्याची वाफ होऊन ती जोराने बाहेर पडत असते आणि तोपर्यंत तेलाला आत शिरायला वाव मिळत नाही, पण तेल कोमट असेल किंवा एकाच वेळी कढई भरून तुकडे सोडले तर वाफेचा जोर ओसरतो आणि तळण तेलकट होते. म्हणून लहान, खोलगट कढई घेऊन एका वेळी तीन-चार तुकडेच सोडावेत, म्हणजे तेलही कमी लागते. घाण्याचे करडईचे तेल लवकर धुरावते, तेव्हा या कामाला रिफाइंड सोयाबीन तेल बरे. उरलेले तेल गार झाल्यावर गाळून दोन-तीन दिवसांत माशाच्याच कालवणाच्या फोडणीला वापरावे, आणि रोहूचे डोके व कणा टाकून न देता त्याच कालवणात घालावेत.